शरणपूरच्या मुलांची नावे घ्या : नाशिकच्या शिक्षकांना आणि वारसाफेऱ्या काढणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
नाशिक शहरातील इतिहास-भूगोलाचे शिक्षक आणि शहराचा वारसा हिंडून दाखवणारी मंडळी

सप्रेम नमस्कार.

आफ्रिकेत हिंडणारा स्कॉटिश मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८७३ साली आजच्या झांबियातल्या एका खेड्यात वारला आणि त्याच्या माणसांनी त्याचा मृतदेह शेकडो कोस चालत हिंदी महासागराच्या किनाऱ्यावर आणून पोचवला. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत ही गोष्ट ‘इमानी नोकरांनी धन्याला मायदेशी पाठवले’ एवढ्यावर आटोपते. त्या तांड्यातला ज्याने दफनाची प्रार्थना वाचली, झाडावर नाव कोरले आणि सामानाची यादी केली, तो जेकब वेनराइट तुमच्या शहरात, शरणपूरला शिकलेला होता. तांड्यात शरणपूरचा तो एकटाच नव्हता. म्हणून हे पत्र तुम्हाला. आमची विनंती अशी की ही मोहीम नाशिकमध्ये सांगताना ती तांड्याची मोहीम म्हणून सांगा. कोणी काय केले, कसे केले, काय फसले आणि का, हे तपशिलाने सांगा. या लोकांच्या भक्तीचे गोडवे खूप गाऊन झाले, त्यांच्या कसबाबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही.

आधी ही मुले नाशिकला आली कशी ते. पूर्व आफ्रिकेतून गुलाम भरून निघालेली गलबते ब्रिटिश नौदल समुद्रात पकडत असे. सुटका झालेल्यांपैकी बरेच जण मुंबईत उतरवले जात आणि त्यातली पोरकी मुले मिशनऱ्यांकडे सोपवली जात. चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस याने १८५० च्या दशकात नाशिकजवळ शरणपूरची वसाहत उभी केली. तिथे या आफ्रिकन मुलांना लिहिणे-वाचणे आणि सुतारकी, लोहारकी यांसारखे हातचे काम शिकवले जाई. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना नवी नावे मिळत आणि आडनावे बहुतेकदा मिशनऱ्यांचीच असत. प्राइस, आयझेनबर्ग, फॅरर ही नाशिकच्या मिशनऱ्यांची आडनावे त्यामुळेच आफ्रिकेच्या प्रवासवर्णनांत भेटतात. वाचणाऱ्याला वाटते माणूस इंग्रज असावा. असतो याओ जमातीचा, न्यासा (आजचे मलावी) सरोवराच्या परिसरातून पळवून विकलेला मुलगा.

लिव्हिंगस्टन १८६४ मध्ये ‘लेडी न्यासा’ ही आपली छोटी आगबोट झांझिबारहून स्वतः हाकत मुंबईला घेऊन आला. बोटीवर सुसी, अमोडा, चुमा आणि विकाटनी हे त्याचे आफ्रिकन सोबती होते. सुसी आणि अमोडा मुंबईच्या गोदीत कामाला लागले. चुमा आणि विकाटनी या पोरांना मुंबईतले मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेत घातले. पुढच्या वर्षी लिव्हिंगस्टन परत आला, बोट २,३०० पौंडांना विकली आणि ते पैसे मुंबईच्या बँकेत ठेवले. लवकरच शेअरबाजाराचा तो प्रसिद्ध फुगा फुटला आणि बँकेसकट पैसे बुडाले. मोहिमेच्या मागे पैशाची जी कायम चणचण दिसते तिचे एक कारण मुंबईतच आहे.

१८६६ च्या मार्चमध्ये मिकिंदानीला उतरलेल्या तांड्याची मोजदाद अशी: मुंबई मरीन बटालियनचे १३ शिपाई, कोमोरोसमधल्या जोहाना बेटावरचे १०, नाशिकचे ९, झांबेझी नदीकाठच्या शुपंगाचे २ (सुसी आणि अमोडा) आणि २ याओ (चुमा आणि विकाटनी). म्हणजे ३६. सोबत ६ उंट, ३ म्हशी आणि एक वासरू, २ खेचरे, ४ गाढवे. वर्गात या जनावरांवर थोडे थांबा, कारण तो एक प्रयोग होता आणि तो कसा नासला हे शिकण्यासारखे आहे. आफ्रिकेच्या त्या पट्ट्यात त्सेत्से माशीमुळे घोडे-बैल टिकत नसत. रानरेडे मात्र तिथेच चरत. तेव्हा भारतातल्या म्हशी आणि उंट टिकतात का, हे पाहायचे होते. माशीच्या चाव्यातून परजीवी रक्तात शिरतो हे डेव्हिड ब्रूसने १८९० च्या दशकात दाखवले, त्यामुळे १८६६ मध्ये कारण कोणालाच ठाऊक नव्हते. माशी तर चावलीच, पण शिपायांनी उंटांवर बेसुमार ओझी लादली, पाठी सोलवटल्या, मारहाण केली, जखमा चिघळल्या. जनावरे मेली तेव्हा ती माशीने मेली की माणसांच्या हाताने, हे सांगणेच अशक्य झाले. शिवाय रोवुमा नदीकाठच्या दाट झाडीत माणसापुरती पायवाट होती. उंट उंच, पाठीवर ओझे रुंद. म्हणून गावोगावचे लोक कुऱ्हाडी घेऊन मजुरीवर लावावे लागले आणि चाल मंदावली. शिपायांना त्याच वर्षी परत पाठवले गेले. जोहानाचे लोक मझितू टोळ्यांच्या भीतीने पळाले आणि आपला पळ झाकायला लिव्हिंगस्टन मारला गेल्याची बातमी त्यांनी झांझिबारला दिली. ती खोटी ठरवायला १८६७ मध्ये ई. डी. यंगची वेगळी मोहीम धाडावी लागली.

नाशिकचे ९ जण सगळे शेवटपर्यंत टिकले असे कृपया सांगू नका. रिचर्ड आयझेनबर्ग पहिल्याच वर्षी वाटेत वारला. काही जण पुढे सोडून गेले. १८६८ मध्ये बँगवेउलू सरोवराकडे निघताना बहुतेकांनी यायला नकार दिला आणि मूठभर माणसांवरच लिव्हिंगस्टन तिथे पोचला. उपाशी पोटी, पगाराची शाश्वती नसताना, पावसापाण्यात दलदलीकडे जायला नको म्हणणारा माणूस बेइमान नसतो, आणि हे मुलांना सहज कळते.

जानेवारी १८६७ मधले दोन अपघात मात्र सांगाच. चाकरीला राहिलेले दोन याओ ओझी घेऊन पसार झाले आणि त्यात औषधांची पेटी गेली. क्विनाइन त्यातच होते. त्यानंतरच्या आजारपणांना रोखायला हाताशी काही उरले नाही. दुसरा अपघात दिसायला किरकोळ: क्रोनोमीटर, म्हणजे अचूक वेळेची घड्याळे, वाहणारा मुलगा चिखलात घसरून पडला. रेखांश काढायचा तर तुमच्या जागेची वेळ आणि ठरावीक जागेची वेळ यांतला फरक लागतो, आणि ४ मिनिटांची चूक म्हणजे एक पूर्ण अंश रेखांश. घड्याळाला हिसका बसला की नकाशा सरकतो. पुढे १८७३ च्या पावसाळ्यात लिव्हिंगस्टन बँगवेउलूच्या काठाशी भरकटला, आधीच्या मोजणीशी जमीन जुळेना, त्यामागे असली बिघडलेली मोजमापे होती. भूगोलाच्या शिक्षकांना रेखांश शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

आता तांडा चालतो कसा ते. जनावर नाही म्हणजे ओझे माणसाच्या डोक्या-खांद्यावर, साधारण ६० ते ७० पौंडांचे, म्हणजे तीस किलोच्या आसपास. सर्वांत पुढे किरंगोझी, म्हणजे वाटाड्या. निशाण त्याच्या हातात, आणि त्याच्या पुढे कोणी जायचे नाही ही रीत. पाणी कुठे, कोणत्या गावात धान्य मिळेल, कोणत्या सरदाराला आधी निरोप धाडायचा, हे सगळे त्याच्या आणि त्याच्याबरोबरच्या जुन्या माणसांच्या डोक्यात. पैसा म्हणजे नाणे नव्हे. मेरिकानी नावाचे अमेरिकेतून येणारे, आपल्या मांजरपाटासारखे कोरे कापड, कानिकी हे निळे कापड, काचेचे मणी आणि पितळी तार. मण्यांच्या रंगाची आवड गावागणिक वेगळी. चुकीचा मणी घेऊन गेलात तर ओझे भरलेले आणि पोट रिकामे. सरदाराच्या हद्दीतून जाताना होंगो, म्हणजे वाटेचा कर, कापडात भरायचा.

हे वर्गात नुसते सांगण्याऐवजी गणित घालून पाहा. तांड्यात ६० माणसे धरा, माणशी रोज पाऊण किलो धान्य. रोजचे झाले ४५ किलो. प्रवास ९ महिन्यांचा, म्हणजे २७० दिवस: १२,१५० किलो. तीस किलोचे एक ओझे, तर ४०५ ओझी. तेवढे हमाल घेतले तर त्यांचे जेवण वेगळे. धान्य बरोबर नेता येत नाही, ते वाटेत विकतच घ्यावे लागते. म्हणून कापड आणि मणी, आणि म्हणून सौदा करणारा माणूस हा बंदूकवाल्याइतकाच मोलाचा. चुमा आणि सुसी यांची तांड्यात जी किंमत होती ती याच कामाने.

जेकब वेनराइट १८६६ च्या तांड्यात नव्हता. लिव्हिंगस्टनला शोधायला निघालेला वार्ताहर स्टॅन्ली त्याला १८७१ मध्ये टांगानिका सरोवराकाठच्या उजिजीला भेटून परतला आणि त्याने किनाऱ्यावरून ५७ माणसे पाठवली. ती ऑगस्ट १८७२ मध्ये उन्यान्येंबेला, म्हणजे आजच्या टबोराजवळ, पोचली. त्यात जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन आणि कॅरस फॅरर हे शरणपूरचे होते. २५ ऑगस्टला तांडा दक्षिणेकडे निघाला.

१८७३ च्या सुरुवातीचे महिने बँगवेउलूच्या दलदलीत गेले. आतड्यातून रक्त जात असलेल्या लिव्हिंगस्टनला माणसे आधी खांद्यावर आणि मग डोलीसारख्या पाळण्यात घालून वाहत होती. २७ एप्रिलला त्याची रोजनिशी थांबली. चितांबो सरदाराच्या गावात १ मे च्या पहाटे तो खाटेशेजारी गुडघे टेकलेल्या स्थितीत मृत आढळला. पहाऱ्यावर होता माजवारा नावाचा मुलगा.

यानंतरचे काही आठवडे तुमच्या तासाचा किंवा फेरीचा गाभा व्हावेत असे आम्हाला वाटते. पहिले काम झाले ते सभेचे. पेट्या सर्वांच्या देखत उघडल्या आणि जेकबने प्रत्येक वस्तू लिहून काढली, पुढे चोरीचा आळ कोणावर येऊ नये म्हणून. सुसी आणि चुमा यांना सर्वांनी पुढारी नेमले, कारण प्रवासात मुरलेले तेच होते. मग ठरले: प्रेत किनाऱ्याला न्यायचे. हे सोपे नव्हते. परक्या मुलखात मेलेल्या माणसाबद्दल गावाकडून जबर दंड पडू शकतो, म्हणून आधी मृत्यू लपवायचा विचार होता. चितांबोला कळलेच. त्याने इथेच पुरा असा सल्ला दिला, पण निर्णय ऐकल्यावर तो आपल्या लोकांसह शोकाला आला.

गावाबाहेर कुडाचा भक्कम तट घालून आत वर उघडी अशी झोपडी उभारली. तांड्यातल्या साफेनेकडे मीठ होते, ते १६ सर मणी देऊन घेतले. फारिजाला हा झांझिबारला एका डॉक्टरकडे नोकरीला होता आणि शवविच्छेदन त्याने पाहिले होते, म्हणून चीर त्याने दिली. कॅरस फॅररने हात दिला. हृदय आणि आतडी काढली. आत हाताच्या पंजाएवढी रक्ताची गाठ सापडली. काढलेले अवयव पिठाच्या पत्र्याच्या डब्यात घालून सुमारे ४ फूट खोल पुरले आणि तिथे जेकबने प्रार्थना वाचली. पोकळीत मीठ भरले, तोंडाला आणि केसांना ब्रँडी लावली. मग १४ दिवस उन्हात वाळवण, रोज कूस बदलून, म्हणजे एकच बाजू ओली राहून सडणार नाही. हे साधले ते मोसमामुळेही. त्या पठारावर मे महिन्यात पाऊस ओसरतो आणि हवा कोरडी होते. फेब्रुवारीत हीच गोष्ट करायला गेले असते तर जमली नसती.

वाळलेला देह कापडात गुंडाळला. पाय गुडघ्यांत दुमडले, कारण झाडीतून जाताना लांब ओझे अडकते. एका झाडाची साल अखंड नळीसारखी सोलून काढली, देह तिच्यात ठेवला, वरून शिडाचे कापड शिवले आणि बांबूसारख्या लांब दांड्याला बांधून दोन माणसांच्या खांद्यावर दिला. तिकडे झाडाच्या खोडावर जेकबने नाव आणि तारीख कोरली होती. जवळ दोन जाड खांब आणि वर आडवे लाकूड उभे करून त्याला नावेसाठी आणलेले डांबर फासले, वाळवी लागू नये म्हणून. आसपासचे गवत काढत राहीन असे चितांबोने कबूल केले. गवताच्या वणव्यात झाड जळू नये, एवढा पुढचा विचार त्यात होता. ते कोरलेले खोड १८९९ मध्ये कापून लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत नेले गेले.

निघाल्यावर थोड्याच दिवसांत निम्म्याहून जास्त तांडा आजाराने आडवा झाला आणि सुमारे महिनाभर खोळंबा झाला. दोन बायका दगावल्या. मग लुआपुला ओलांडली. तिथे पात्र सुमारे ४ मैल पसरलेले. चावेंडेच्या गावात तांड्याला आत घेईनात, बाचाबाची वाढली, बंदुका चालल्या आणि तांड्याने गावकूस फोडून गाव ताब्यात घेतले. माणसे मेली. ही बाजू गाळू नका. ऑक्टोबरमध्ये उन्यान्येंबे आले. तिथे लिव्हिंगस्टनच्या मदतीला निघालेल्या इंग्रज मोहिमेचा प्रमुख लेफ्टनंट कॅमेरन याने प्रेत इथेच पुरा म्हणून आग्रह धरला. या लोकांनी ऐकले नाही. कॅमेरनने लिव्हिंगस्टनची उपकरणे मात्र आपल्या मोहिमेसाठी ठेवून घेतली.

पुढे कासेकेराला खरी पंचाईत झाली: या वाटेने प्रेत जाऊ देणार नाही, असे गावकऱ्यांचे म्हणणे पडले. तेव्हा तांड्याने बतावणी केली. पुरायलाच परत नेतो म्हणून सांगितले. रात्री सालीची नळी उघडून देह काढला आणि कापडाच्या गठ्ठ्यासारखा बांधला, म्हणजे व्यापारी मालात तो ओळखू येईना. ज्वारीच्या कडब्याची ताटे सहा फुटांच्या मापाने कापून, कापडात गुंडाळून दुसरे प्रेत केले. सहा माणसे ते गंभीरपणे उन्यान्येंबेच्या दिशेने घेऊन निघाली. रान लागल्यावर त्यांनी कडबा दूरदूर विखरून टाकला आणि एकेकटे, वेगवेगळ्या वाटांनी परत येऊन मिळाले. गावाला संशय आला नाही. पुढच्या वाटेवर लोसी नावाची, डोक्यावर पाण्याचे भांडे घेऊन चालणारी लहान मुलगी साप चावून मेली. फेब्रुवारी १८७४ मध्ये तांडा बागामोयोला पोचला.

तिथे बहुतेकांना पगार देऊन वाटेला लावले. प्रेतासोबत इंग्लंडला गेला तो एकटा जेकब वेनराइट, चर्च मिशनरी सोसायटीच्या खर्चाने. १५ एप्रिलला साउथॅम्प्टन. सिंहाने १८४४ मध्ये चावून मोडलेले डाव्या दंडाचे हाड पाहून शल्यविशारद विल्यम फर्ग्युसनने ओळख पटवली. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले तेव्हा पेटीला हात देणाऱ्यांत जेकब होता. तिथल्या शिळेवर ‘विश्वासू हातांनी’ आणल्याचे कोरले आहे, चितांबोच्या गावाचेही नाव आहे. हात कोणाचे, ते नाही. सुसी आणि चुमा उशिरा, लिव्हिंगस्टनचा मित्र जेम्स यंग याच्या खर्चाने इंग्लंडला पोचले. होरेस वॉलर लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या रोजनिश्या संपादित करत होता. मृत्यूनंतरच्या नऊ महिन्यांचा वृत्तांत त्याला या दोघांकडूनच मिळाला. जेकबने स्वतःची रोजनिशी वेगळी ठेवली होती आणि ती उपलब्ध आहे. जमल्यास दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

पुढे चुमाने तांडेप्रमुख म्हणून नाव मिळवले. १८७९ मध्ये कीथ जॉन्स्टनच्या मोहिमेचा तो मुख्य होता, आणि जॉन्स्टन वाटेत वारल्यावर विशीतल्या जोसेफ थॉमसनने ती पार पाडली ती चुमाच्या आधारावर. चुमा १८८२ मध्ये, सुसी १८९१ मध्ये झांझिबारला वारला. जेकब १८९२ मध्ये टांझानियातल्या उरांबोला. मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासात १९३५ पर्यंत जगला.

फेऱ्या काढणाऱ्यांना काही सूचना. सुसी आणि चुमा नाशिकचे होते असे सांगितले जाण्याची शक्यता असते. ते नव्हते, त्यांचा संबंध मुंबईशी. सिदी मुबारक बॉम्बे हा तर या तांड्यातच नव्हता. तो बर्टन, स्पीक, स्टॅन्ली आणि कॅमेरन या दुसऱ्या प्रवाशांबरोबर हिंडला. शरणपूरच्या थांब्यावर लिव्हिंगस्टनपासून सुरुवात करू नका. गलबतातून सुटलेल्या मुलापासून करा, मग सुतारशाळा, मग तांडा. हलीमा आणि न्ताओएका या तांड्यातल्या बायकांची नावे विसरू नका. हलीमा लिव्हिंगस्टनचा स्वयंपाक करी. शेवटी फ्रियरटाउन सांगा. १८७५ मध्ये मोंबासाजवळ सुटका झालेल्या गुलामांची ही वसाहत बसवायला प्राइस स्वतः गेला आणि नाशिकला वाढलेले अनेक जण तिकडे राहायला गेले. आफ्रिकेत त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. तिथली घंटा अजून उभी आहे. मोंबासातल्या एखाद्या शाळेशी नाशिकच्या शाळेने पत्रव्यवहार सुरू केला तर दोन्हीकडच्या मुलांना विषय आयता आहे.

शरणपूर परिसरात पाटी लावायची तुमच्यापैकी कोणी मनावर घेतले, तर मजकूर मराठीत असावा आणि त्यात निदान ही नावे असावीत. १८६६ च्या तांड्यातले: एब्रम परेरा, सायमन प्राइस, एडवर्ड गार्डनर, जेम्स रटन, नॅथॅनिएल कुंबा, अँड्र्यू पॉवेल, रूबेन स्मिथ, अल्बर्ट बराका, रिचर्ड आयझेनबर्ग. १८७२ मध्ये जाऊन मिळालेल्यांपैकी: जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फॅरर. नावांची इंग्रजी स्पेलिंगे जुन्या पुस्तकांत वेगवेगळी आहेत, म्हणून पाटी रंगवण्यापूर्वी ती एकदा मूळ नोंदींशी ताडून घ्या.

आपले,
पूर्व आफ्रिका आणि पश्चिम भारत यांच्या जुन्या संबंधांचे काही अभ्यासक